मावशींची दहा मिनिटे

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि घरीच शिवणकाम करते. मागच्या वर्षी यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले आणि आम्ही दोघे उपचारांसाठी आठ महिने मुंबईत राहिलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. मुले जावेकडे होती. आता यांची तब्येत बरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते.

ताई, त्या आठ महिन्यांत मला ज्यांनी सावरले ते सगळे परके होते. पहिल्याच दिवशी केसपेपरच्या रांगेत एका काकांनी आमची फाईल पाहिली, ‘आधी आरोग्यमित्राच्या टेबलाकडे जा, जन आरोग्य योजनेत बसेल’ असे सांगितले आणि आम्ही परत येईपर्यंत रांगेतली आमची जागा धरून ठेवली. यांच्या प्लेटलेट्स सात हजारांपर्यंत खाली आल्या त्या दिवशी कॉलेजातला एक मुलगा रक्तपेढीत दोन तास हात यंत्राला जोडलेला ठेवून पडून राहिला. उठल्यावर त्याने माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही. मी नाव विचारीपर्यंत तो जिना उतरून गेला होता. आणि वॉर्डातल्या साफसफाईच्या मावशी. पाच-सहा रात्री जागून काढल्यावर एका सकाळी त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘बाई, जा, तोंड धुऊन ये, केस विंचरून ये. तोवर मी बसते तुझ्या माणसापाशी.’ त्या दहा मिनिटांत मी नळाखाली तोंड धरून रडले, केस विंचरले आणि परत आले. त्यानंतर मला उभे राहता आले. शेवटच्या दिवशी निघताना मी त्यांच्या हातात पाचशेची नोट ठेवली, तर त्यांचा चेहरा उतरला. ‘हे कशाचे?’ असे म्हणून त्यांनी ती नोट माझ्याच पिशवीत टाकली. ते अजून मनात सलते.

आमची माणसे मात्र लांब राहिली. थोरले दीर एकदा आले, दोन तास बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. सख्खी बहीण फोनवर रडायची, पण आली नाही. आता गावी सगळे फळे घेऊन भेटायला येतात, तेव्हा मला समोरून उठून जावेसे वाटते. सासूबाई म्हणतात, ‘परक्यांचे उपकार घेत फिरलीस, आता फेडणार कशी? आपल्या घरात कुणी कुणाचे मिंधे झाले नाही.’ हे उपकार खरेच कसे फेडायचे? मावशींना पैसे दिले हे चुकले का? आणि दहा मिनिटे, रांगेतली जागा, एवढ्याशा गोष्टींना मी इतकी धरून बसले आहे, हे बरोबर आहे का?

– एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर :

ताई,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. तिसऱ्या वाचनात मला त्यात एक वाक्य सापडले. त्याच्याकडे मी शेवटी येईन. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

एवढ्याशा गोष्टींना धरून बसण्यात काहीही चूक नाही. मी एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून २६ वर्षे काम केले. रुग्णांच्या घरच्यांशी बोलणे, त्यांच्या कागदपत्रांची आणि राहण्याजेवण्याची सोय पाहणे हे माझे रोजचे काम होते, आणि त्या काळात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावर माणसाचे नाव हळूहळू पुसले जाते. रुग्णाचा खाट क्रमांक होतो आणि त्याची बायको ‘चौदा नंबरचे नातेवाईक’ होते. ‘चौदा नंबरचे नातेवाईक कोण आहेत? हे औषध आणा, इथे सही करा, आता बाहेर थांबा,’ अशा हाकांना रात्रंदिवस ओ देताना त्या बाईलाही झोप लागते, भूक लागते, तिची पाठ दुखते, याचा सगळ्यांना विसर पडतो आणि सर्वांत आधी तिला स्वतःलाच पडतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. डॉक्टरांचे लक्ष रक्ताच्या आकड्यांवर असते, परिचारिकांचे सलाईनवर, आणि तुमचेही लक्ष त्याच दोन गोष्टींवर लागलेले असते.

मावशींनी तुम्हाला दहा मिनिटे दिली, परंतु त्याआधी त्यांनी तुमच्या केसांकडे पाहिले. खाटेकडे सगळेच पाहत होते. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेल्या बाईकडे कित्येक दिवसांत पडलेली ती पहिली नजर असावी. ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असे मावशी म्हणाल्या नाहीत, हेही लक्षात घ्या. ते त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी तसे भासवलेही नाही. त्यांनी एक काम सांगितले, जे त्या क्षणी तुम्हाला जमण्यासारखे होते, आणि ते करता यावे म्हणून तुमचे काम स्वतः अंगावर घेतले. धीर देणे हा माझा पेशा होता. तरीही इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका धीर मला फार क्वचित देता आला असेल.

ज्या धर्मशाळेत तुम्ही राहिलात, तिला ज्यांचे नाव आहे त्या गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश तुमच्या परिचयाचा असेल. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार अशी ती कलमे एकामागून एक येतात आणि अखेरचे कलम येते ते ‘दुःखी व निराशांना हिंमत’. भाकरी, पाणी आणि कापड यांच्या रांगेत बाबांनी हिंमतीला बसवले, याचे मला फार मोल वाटते. भाकरीसारखी हिंमतही हातात ठेवता येते, आणि ती ठेवायला भाकरीइतकाही खर्च येत नाही. मावशींनी तुमच्या हातात तेच ठेवले. ते एवढेसे नव्हते.

आता त्या पाचशेच्या नोटेबद्दल. मावशींना पैशांची गरज नसेल असे समजू नका. साफसफाईची माणसे आता अनेक ठिकाणी कंत्राटावर असतात, त्यांचे पगार थकतात, आणि पाचशे रुपयांत त्यांच्या घरातल्या दोन-तीन अडचणी सहज सुटल्या असत्या. तरीही त्यांनी नोट परत केली, याचा अर्थ मी असा लावते : पाळीच्या आठ तासांत त्या जे काही करतात त्याची किंमत दुसरे कुणीतरी ठरवते, लादी पुसण्याची किंमत ठरलेली, बेडपॅन उचलण्याची ठरलेली. त्या दहा मिनिटांची किंमत मात्र कुणी ठरवलेली नव्हती, कारण ती त्यांनी आपणहून दिली होती. तुमच्या नोटेमुळे तीही पगाराच्या हिशेबात जाऊन बसली असती. ‘हे कशाचे?’ या त्यांच्या प्रश्नात रागापेक्षा दुखावलेपण अधिक होते, असे मला वाटते. तुम्ही चुकलात असे मी म्हणणार नाही. निघण्याच्या घाईत, आठ महिन्यांची कृतज्ञता एका मिनिटात कशी सांगावी हे न सुचून, जे हाताशी होते ते तुम्ही पुढे केले.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांना अवश्य भेटा. जाताना तुमच्या भागातली तुरीची डाळ न्या आणि ती तुम्ही शिवलेल्या पिशवीत घालून न्या. परंतु डाळीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, मला लिहिलेत ते त्यांना सांगा : नळाखाली तोंड धरून रडल्याचे, केस विंचरल्याचे आणि त्यानंतर उभे राहता आल्याचे. हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता फार कमी आहे. अमेरिकेतील अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन अभ्यासकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. शिकागोतील एका बागेत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या लोकांना त्यांनी गरम चॉकलेटचा कप देऊ केला आणि तो हवा तर स्वतःसाठी ठेवा, हवा तर तिथल्याच एखाद्या अनोळखी माणसाला द्या, असे सांगितले. ज्यांनी तो दुसऱ्याला दिला त्यांना, घेणाऱ्याला किती बरे वाटले असेल याचा अंदाज करायला सांगितले, आणि तो अंदाज घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष सांगितलेल्या आनंदापेक्षा कमी भरला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात याचे जे कारण दिले आहे ते मला पटते : देणाऱ्याच्या मनात दिलेली वस्तू असते, तर घेणाऱ्यापर्यंत वस्तूबरोबर देणाऱ्याचा जिव्हाळाही पोहोचतो. मावशींच्या लेखी त्यांनी तुमच्यासाठी दहा मिनिटे स्टुलावर टेकण्यापलीकडे काही केले नसेल. त्या दहा मिनिटांत तुमचे काय झाले, हे तुमच्याखेरीज त्यांना दुसरे कुणी सांगू शकणार नाही.

फेडण्याबद्दल तुम्ही विचारले आहे, तेव्हा माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगते. २००३ च्या पावसाळ्यात माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला आणि आयुष्यात प्रथमच मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. रात्री दोनच्या सुमारास औषधांच्या दुकानाच्या खिडकीशी इंजेक्शन हातात आले, तेव्हा माझ्याकडे चाळीस रुपये कमी पडत होते. घर दूर होते, पाऊस कोसळत होता, आणि एरवी शेकडो लोकांना ‘घाबरू नका’ म्हणणारी मी त्या खिडकीच्या कठड्यावर नाणी पुन्हा पुन्हा मोजत राहिले, जणू मोजल्याने ती वाढणार होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून दहाच्या चार नोटा ठेवल्या. मी वळून ‘तुमचा पत्ता द्या’ असे काहीतरी पुटपुटले, तेव्हा त्याने फक्त वॉर्डाच्या दिशेने हात दाखवला : आधी तिकडे जा. त्याचा चेहरा मला आठवत नाही. पावसाने भिजलेली, अंगठा तुटून सुतळीने बांधलेली त्याची चप्पल मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. ज्याची चप्पल तुटलेली होती त्याचे चाळीस रुपये माझ्याकडे राहिले, या विचाराने मी त्यानंतर कितीतरी दिवस त्या दुकानापाशी जाऊन उभी राहत असे. तो कधी भेटला नाही.

तेव्हा मला वाटे की ही माझी कृतज्ञता आहे. आज मागे वळून पाहताना दिसते की तिच्यात बराचसा अभिमानही होता. कुणाचे काही आपल्याकडे राहू नये, आपण मोकळे व्हावे, ही ओढ होती. त्या माणसाने माझ्याकडून काहीही मागितले नव्हते. मी मनातल्या मनात कर्जाचा कागद लिहून घेतला आणि त्यावर माझी मीच सही केली. तुमचे तसे होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मात्र झटकून टाकू नका. ‘मिंधे होणे’ हा शब्द त्यांच्या पिढीकडे उगाच आलेला नाही. सावकाराकडून आणलेले धान्य, मोठ्या वाड्याने अडीअडचणीला दिलेला पैसा आणि त्याबदल्यात पुढची कित्येक वर्षे करावी लागलेली वेठ ज्या घरांनी पाहिली आहे, त्या घरांत कुणाचेही काही घेताना हात आखडतो. घेतलेल्या उपकाराला गळ लावलेला असतो, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. फरक इतकाच की तो गळ ओळखीच्या माणसाच्या हातात असतो. ज्याला तुमचे गाव ठाऊक नाही, जो तुम्हाला पुन्हा भेटणार नाही, ज्याने स्वतःचे नावही सांगितले नाही, तो तुम्हाला मिंधे करणार कसा?

आणि तुम्ही औसा तालुक्यातल्या आहात म्हणून सुचवते. एखाद्या निवांत संध्याकाळी सासूबाईंना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेबद्दल विचारा. गणपती विसर्जनाची रात्र उलटून भूकंपाने किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा त्या तुमच्याच आसपासच्या वयाच्या असतील. त्या दिवसांत ढिगारे उपसायला, जखमींना हलवायला, भाकऱ्या आणि पांघरुणे वाटायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून जी माणसे आली, त्यांतल्या कुणाला लातूर-उस्मानाबादची माणसे नावाने ओळखत होती? तुमचे गाव त्या तडाख्यात होते की थोडक्यात वाचले हे पत्रावरून कळत नाही. परंतु त्या भागात असे घर विरळाच असेल जिथे त्या आठवड्यात एखाद्या परक्याने दिलेले अन्न शिजले नाही किंवा जिथून परक्यांसाठी भाकऱ्या गेल्या नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेही तुम्ही पाहिले आहे. सासूबाईंशी वाद घालण्यासाठी हे काढू नका. त्या वेळी त्यांनी कुणाच्या हातचे काय खाल्ले, एवढेच विचारा आणि ऐकत बसा. त्या जे सांगतील त्यातून तुमच्या दोघींमधला हा ‘मिंधेपणा’चा गुंता माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर सुटेल, असा मला विश्वास वाटतो.

त्या कॉलेजातल्या मुलाचे ऋण तर कायद्यानेच फेडण्यापलीकडचे आहे. आपल्या देशात पूर्वी रक्त विकून पोट भरणारी माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. रक्तपेढी तपासणीचे आणि प्रक्रियेचे शुल्क घेते, रक्ताची किंमत घेत नाही. प्लेटलेट्सची गोष्ट तर आणखी अवघड आहे. त्या पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत, त्यामुळे गेल्या महिन्यात कुणी चांगुलपणा केला म्हणून आज त्या मिळत नाहीत. दर आठवड्याला नव्याने कुणीतरी यावे लागते. तुमच्या यजमानांच्या अंगात त्या दिवशी जे गेले ते त्या मुलाने त्यांना ओळखत नसताना, ते कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे हे न विचारता दिले. नाव न सांगता निघून जाण्यात त्याने तुमच्यावर आणखी एक उपकार केला, असे मी म्हणेन : आभाराचे ओझेही त्याने मागे ठेवले नाही.

तुम्हाला स्वतःला रक्तदान करावेसे वाटले तर जरूर करा. त्यासाठी वजन ४५ किलोपेक्षा कमी नसावे, हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे, आणि स्त्रियांना दोन रक्तदानांत चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. आपल्याकडे अनेक बायकांना हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत पाठवतात. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका. आठ महिने जी बाई धड जेवली नाही, तिच्या रक्ताची तपासणी या निमित्ताने होईल, आणि ती होणे मला अधिक निकडीचे वाटते.

रांगेतल्या काकांनी तुम्हाला जे दिले ते मात्र तुम्ही उद्यापासून दुसऱ्याला देऊ शकता. त्यांनी दिलेली माहिती दोन वाक्यांची होती, पण ज्या जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, तिच्या टेबलापर्यंत त्या दोन वाक्यांनी तुम्हाला नेले. तुमच्या भावकीतल्या कुणाला हे सांगता आले नाही, यात भावकीचा दोष नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की नोकरीची उपयुक्त बातमी माणसाला बहुधा घरच्यांकडून किंवा जिवलग मित्रांकडून न मिळता क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून मिळते, कारण जवळच्यांना तेवढेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. त्या काकांकडे बहुधा आपल्या घरच्या कुणाची तशीच फाईल होती. ते त्या रस्त्याने तुमच्या आधी चालून गेले होते. आता तुम्हीही तो रस्ता चालून आला आहात. कोणती गाडी सकाळी वेळेवर पोहोचते, धर्मशाळेत जागेसाठी कोणते कागद लागतात, आरोग्यमित्र कुठे बसतो, पहिल्या दिवशी मूळ रेशनकार्ड विसरले तर काय होते, हे तुमच्या तालुक्यात आज फार थोड्यांना ठाऊक असेल. गावच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना तुमचा फोन नंबर देऊन ठेवा आणि ‘मुंबईला निघणारे कुणी असेल तर आधी माझ्याशी बोलू द्या,’ असे त्यांना सांगा.

याच ओघात, केवळ माझ्या जुन्या कामाला स्मरून, एक सावधगिरी सांगते. रुग्णालयाच्या आवारात मदतीच्या मिषाने वावरणारी दलाल मंडळीही असतात. जो मदत करताना तुमची मूळ फाईल किंवा आधार कार्ड स्वतःकडे ठेवायला मागतो, कोऱ्या कागदावर सही मागतो किंवा ‘साहेबांशी ओळख आहे, आधी थोडे पैसे द्या’ म्हणतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा आणि सरळ समाजसेवा विभागाच्या खोलीत जावे. तुमच्या काकांनी फाईल पाहिली, परत दिली आणि जागा धरून ठेवली. फोन करणाऱ्यांना हा फरकही सांगत जा.

आता तुमच्या माणसांविषयी. दिरांना आणि बहिणीला मोठ्या मनाने माफ करून टाका, असे मी सांगणार नाही. ज्या रात्री तुम्ही वाट पाहिली आणि कुणी आले नाही ती रात्र माझ्या सांगण्याने पुसली जाणार नाही, आणि ती पुसल्याचा आव आणून तुम्ही पाहुण्यांपुढे चहा ठेवू लागलात तर तो राग दुसरीकडून बाहेर येईल. तुम्हाला दुखावले जाण्याचा अधिकार आहे. परंतु परक्यांच्या मापाने त्यांना मोजू नका. मावशींना दहा मिनिटे बसणे जमले, याचे एक कारण असेही आहे की ती दहाच मिनिटे होती आणि खाटेवर त्यांचा भाऊ नव्हता. परक्याला समोर एक आजारी माणूस दिसतो. भावाला ज्याच्याबरोबर विहिरीत पोहायला शिकला तो दिसतो, आणि कदाचित उद्याचा स्वतःचा चेहरासुद्धा दिसतो. दोन तास बसून बाहेर पडणारे, व्हरांड्यात भिंतीला टेकून घाम पुसणारे आणि मग ‘शेतीची कामे आहेत’ म्हणून गाडी गाठणारे भाऊ मी इतके पाहिले आहेत की त्यांना निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भित्रे म्हणावे लागले तर म्हणेन. बहीण का आली नाही हे तुम्ही तिला अजून विचारलेले दिसत नाही. तिच्या सासरी तिला मुंबईच्या तिकिटाचे पैसे कुणाकडे मागावे लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि आता ते वाक्य. ‘मुले जावेकडे होती.’

ताई, तुमच्या पत्रात मावशींच्या दहा मिनिटांना आठ-नऊ ओळी आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. जावेच्या आठ महिन्यांना तीन शब्द आहेत. मुले किती वर्षांची आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही, पण शाळेचे डबे, गृहपाठ, अंगातला ताप, ‘आई कधी येणार’ हा रोज रात्रीचा प्रश्न आणि ‘बाबा मरणार का’ हा त्याहून वाईट प्रश्न, हे सगळे त्या घरात आठ महिने कुणीतरी झेलले. तुम्ही खाटेशेजारी बसू शकलात, कारण मागे मुलांपाशी कुणीतरी बसले होते. मावशींनी ‘तोवर मी बसते’ असे म्हटले आणि तुम्हाला ऐकू आले. जाऊ तसे काही म्हणाली नसेल. घरची माणसे तसे म्हणत नाहीत. त्यांनी ते करायचेच असते, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि तीच समजूत जावेच्या वाट्याला आली. ही जाऊ थोरल्या दिरांचीच बायको आहे की दुसऱ्या कुणाची, हेही पत्रात नाही. तीच असेल, तर संध्याकाळच्या गाडीने परतलेले दीर कुठे परतत होते, याचा एकदा विचार करून पाहा.

मी तुम्हाला दोष देत नाही. परक्याकडून काही अपेक्षित नसते म्हणून ते लख्ख दिसते, घरच्याकडून अपेक्षित असते म्हणून ते दिसेनासे होते. आठ महिने मरणाच्या सावलीत बसलेल्या बाईला तर हे अधिकच. पण आता तुम्ही घरी आहात, यजमान बरे आहेत आणि तुमच्याजवळ थोडा वेळ आहे.

पुढच्या तपासणीची तारीख आली की तीन गोष्टी करा. बहिणीला फोन करून त्या दोन-तीन दिवसांसाठी मुलांपाशी येऊन राहायला सांगा. येतेस का असे विचारू नका, ये म्हणून सांगा, कारण फोनवर रडणाऱ्या बहिणीला काहीतरी करायला मिळणे आता तिच्यासाठीही गरजेचे आहे. फळे घेऊन येणाऱ्या दिरांना धर्मशाळेच्या जागेचे बोलणे करायला सांगा. आणि जावेला बरोबर न्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी रेल्वे भाड्यात सवलत देते आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही देते, ती तुम्ही दोघे घेत असालच. जावेचे तिसरे तिकीट पूर्ण भाड्याचे निघेल, ते तुमच्या शिवणाच्या पैशांतून काढा. वॉर्डात मावशी भेटल्या की डाळीची पिशवी त्यांच्या हातात द्या, त्या सकाळचे सगळे सांगा, आणि मग जावेला पुढे करून त्यांना सांगा की आम्ही इथे होतो ते आठ महिने हिने माझी मुले सांभाळली.